कबरीवर खडा ठेवताना: कोकणातल्या बेने इस्रायल कबरस्तानात जायचं असेल तर

आमच्या शेजारच्या काकू अलिबाग सोडून इस्रायलला गेल्या तेव्हा मी शाळेत होतो. अश्दोदला राहून त्यांना आता जवळजवळ 50 वर्षं होतील, पण फोन उचलला की पहिला प्रश्न अजून तोच, "काय रे, जेवलास का?" काही वर्षांपूर्वी एकदा त्या म्हणाल्या, "बाबांच्या कबरीकडे आता कुणीच जात नाही रे. तू एकदा बघून ये."

मी सुट्टीचा दिवस म्हणून शनिवार धरला. जाताना झेंडूचा मोठा हार घेतला आणि उदबत्तीचा पुडाही. फाटकाशी राखणदाराने शांतपणे सांगितलं, "आज शब्बाथ आहे, विश्रांतीचा वार. आज आपण इथे जात नाही." हाराकडे बघून तो काही बोलला नाही. परत येताना मला फार वाईट वाटलं. लहानपणी ज्यांच्या घरी रोज खेळलो, त्यांच्या माणसांना भेटायची रीत मला माहीत नव्हती. नंतर ती काकूंकडून, राखणदाराकडून आणि ठाण्याच्या त्यांच्या नातलगांकडून विचारून विचारून शिकलो. कोकण बघायला येणारे बरेच जण आता अशा कबरस्तानांपाशी थांबतात, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतो आहे.

आधी, ही माणसं कोण

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि 7 पुरुष आणि 7 बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेतं नवगावातच पुरली, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी. हे नक्की कधी घडलं यावर अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेली माणसं रायगडातल्या गावोगाव पसरली, तेलाच्या घाण्यावर बसली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: नवगावकर, पेणकर, चौलकर, रोहेकर, किहीमकर. बोली मराठी आणि जेवणात नारळाचं दूध. 1948नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. गावं रिकामी झाली, कबरी मात्र मागे राहिल्या. आज या कबरस्तानांत जी शांतता आहे ती अशी आलेली आहे, आणि तिथे पाऊल टाकताना हे मनात असावं असं मला वाटतं.

कुठे जायचं आणि कुणाला विचारायचं

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मधे नवगाव आहे. तिथलं जुनं दफनस्थळ आणि स्मारक बघायला लोक लांबून येतात. गेटवेहून मांडव्याला बोटीने आणि पुढे रिक्षाने किंवा एसटीने जाता येतं. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, हे आधी लक्षात घ्या. रेवदंडा, पेण, पनवेल या बाजूलाही कबरस्तानं आहेत. मुंबईत वरळीला डॉ. ई. मोझेस रस्त्यावर एक आहे. हे मोझेस म्हणजे बेने इस्रायल समाजातले डॉक्टर, 1937–38मध्ये मुंबईचे महापौर होते. चिंचपोकळीचं कबरस्तान ससून घराण्याने 1878मध्ये बगदादी ज्यूंसाठी बांधलं. पुण्यात ओहेल डेविड या सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या), म्हणजे आपल्या लाल देवळाच्या आवारात डेविड ससून यांची समाधी आहे.

परवानगीसाठी सरळ जवळच्या सिनेगॉगमध्ये जा. अलिबागला इस्रायल आळीत मागेन आबोत आहे, रेवदंड्याला बेथ एल. जुनी माणसं सिनेगॉगला अजूनही 'मशीद' म्हणतात, तेव्हा गावात कुणी "मशिदीत विचारा" म्हणालं तर गोंधळू नका, कुठली मशीद ते विचारून घ्या. मुख्य माणसाला मुकादम म्हणतात, प्रार्थना चालवणारा तो हझ्झान, देखभाल करणारा शम्माश. स्वतःची ओळख द्या, का जायचं आहे ते सांगा. कुणाची ठरावीक कबर शोधायची असेल तर पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि मृत्यूचं साल लिहून न्या. बहुतेकदा शम्माश स्वतः बरोबर येतो किंवा किल्ली कुणाकडे आहे ते सांगतो. नवगावसारखी जागा उघडी असली तरी आळीत सांगून जाणं बरं.

दिवस

माझी चूक इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चालतो. एवढ्या वेळात कबरस्तानात जात नाहीत, दफनही करत नाहीत. सणांनाही तेच. त्यांच्या सणांना कोकणात आपली मराठी नावं आहेत: रोश हाशाना हा 'नव्याचा सण', योम किप्पूर हा 'दारफळणीचा सण'. दारफळणीला दिवसभर उपास करायचा आणि पांढरे कपडे घालून सिनेगॉगमध्ये बसायचं. त्या दिवशी कुणाला फोन करून किल्ली मागू नका.

जाण्याचे दिवस म्हणजे मृत्यूनंतरचा सातवा, तिसावा, वर्षाचा आणि पुढे दरवर्षीची तिथी. ही तिथी हिब्रू पंचांगाप्रमाणे धरतात, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. आपल्या श्राद्धाच्या तिथीसारखंच हे. शिवाय नव्याच्या सणाआधीचा एलूल महिना, साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, हा पूर्वजांच्या कबरींना भेट देण्याचा महिना मानतात. आव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक असतो. कोकणात त्याचं नाव 'बिरड्याचा सण', आणि त्या वेळी वालाचं बिरडं करायची रीत आहे. त्या दिवशीही अनेक ठिकाणचे ज्यू कबरस्तानात जातात.

एरवी रविवार ते गुरुवार, सकाळी 8 ते 10 ही वेळ मला सगळ्यात चांगली वाटते. ऊन तिरपं असतं, झिजलेली अक्षरं वाचता येतात. शुक्रवारी दुपारनंतर जाऊ नका, राखणदारालाही घरी जाऊन शब्बाथची तयारी करायची असते.

काय घालायचं, काय न्यायचं

डोकं झाकलेलं हवं. पुरुषांना साधी टोपी चालते, रुमाल बांधला तरी चालतो. बायकांनी ओढणी किंवा पदर घ्यावा. खांदे-गुडघे झाकणारे साधे कपडे असावेत. चपला काढू नका. आपल्याला सवयीने फाटकाशी पाय अडखळतो, पण इथे पादत्राण घालूनच जातात, आणि गवत-काटे बघता बूट घातलेले बरे. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं वाढतं, दगड शेवाळाने निसरडे होतात, फुरसं असतं. हातात काठी ठेवा आणि पाऊल टाकण्याआधी गवतात आपटा.

पिशवीत एक मऊ कुंचला, जुनं सुती फडकं आणि पाण्याच्या 2 बाटल्या ठेवा. एक पिण्यासाठी, ती फाटकाबाहेर प्यायची. दुसरी परतताना हात धुण्यासाठी, कारण गावाकडच्या कबरस्तानांत नळ असेलच असं नाही.

हार, उदबत्ती, कापूर, हळद-कुंकू, नारळ काहीही नेऊ नका. घरच्या माणसांनी फूल ठेवलेलं दिसलं तर तो त्यांचा प्रश्न, आपण पाहुणे म्हणून गेलेलो असतो.

फाटकाच्या आत

हिब्रूत कबरस्तानाला 'बेथ हायिम' म्हणतात, शब्दशः अर्थ 'जिवंतांचं घर'. मला हे नाव फार आवडतं. वागण्याचे सगळे नियमही त्यातूनच आले आहेत. कुणाच्या घरात आपण पलंगांवरून चालत जात नाही, तसं कबरींवरून चालायचं नाही, वळसा घालून पायवाटेने जायचं. दगडावर बसायचं नाही, पिशवी टेकवायची नाही. आत खाणं-पिणं, सिगारेट, मोठ्याने फोनवर बोलणं नाही. जनावरं चरायला सोडत नाहीत आणि कबरीवरच्या गवताचा फायदा कुणी घेऊ नये असं त्यांचं शास्त्र सांगतं. जुन्या फाटलेल्या प्रार्थनेच्या पोथ्याही टाकून न देता कबरस्तानातच पुरतात, तेव्हा एखाद्या कोपऱ्यात नाव नसलेली बुजलेली जागा दिसली तरी तिच्यावरून जाऊ नका.

एक गोष्ट जाता जाता. ज्यू लोकांत कोहेन, म्हणजे पुरोहित वंशातले पुरुष, जवळच्या नातलगांखेरीज कुणाच्या कबरीजवळ जात नाहीत. बेने इस्रायलमध्ये परंपरेने कोहेन आणि लेवी घराणी नाहीत. म्हणून दोन पंजे जोडलेली कोहेनांची खूण जगभरच्या ज्यू कबरींवर दिसत असली, तरी कोकणातल्या दगडांवर ती शोधत बसू नका.

दगड वाचायचा कसा

फार जुन्या कबरींवर अक्षरंच नाहीत, नुसते दगड. त्यापुढच्या काळातल्या दगडांवर मराठी, हिब्रू आणि इंग्रजी अशा तीन भाषा एकाखाली एक दिसतात. आपण मराठीपासून सुरुवात करावी. नावं ओळखीची वाटतील आणि नाहीतही: सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे एझेकिएल, आबाजी म्हणजे अब्राहाम, बन्नाजी म्हणजे बेंजामिन. मुंबईत 1796मध्ये पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर गावात सामाजी हसाजी दिवेकर होते. एकच माणूस मराठीत सामाजी आणि हिब्रूत श्मुएल असा दोन ओळींत भेटतो, हे दगडावर बोट ठेवून बघण्यासारखं आहे.

हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. वरच्या टोकाला 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं असली तर त्याचा अर्थ 'इथे पुरलं आहे'. 'बेन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'बाथ' म्हणजे अमक्याची मुलगी. आणि अगदी खाली पाच अक्षरं: ताव, नून, त्सादी, बेत, हे. ही एका वाक्याची आद्याक्षरं आहेत, ज्याचा मूळ आधार बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे: 'त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो.' काकूंनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "गाठोडं रे, आपण गावाला जाताना बांधायचो तसं." त्यानंतर ही पाच अक्षरं मी कुठेही ओळखतो.

साल अक्षरांतच लिहितात, कारण प्रत्येक हिब्रू अक्षराला किंमत असते. ताव 400, शिन 300, कोफ 100, हे 5. ताव, शिन, हे ही तीन अक्षरं एकत्र असली तर बेरीज 705. हजारांचा 5 बहुधा लिहीत नाहीत. या बेरजेत 1240 मिळवा, म्हणजे 1945. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, त्यामुळे मृत्यू वर्षाच्या सुरुवातीच्या तिश्री, हेश्वान, किस्लेव या महिन्यांतला असेल तर सहसा एक वर्ष कमी धरावं लागतं, 1944. आणि त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून सूर्यास्तानंतर पण मध्यरात्रीआधी गेलेल्या माणसाची तिथी इंग्रजी तारखेच्या पुढची असते. कुटुंबासाठी तारीख कळवत असाल तर हा फरक आवर्जून लिहा.

अक्षरं मातीने भरलेली असतील तर नुसतं पाणी शिंपडा आणि कुंचल्याने हलकेच झाडा. तारेचा ब्रश, अॅसिड, साबण, तेल काही लावू नका. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठून दिसतात खरी, पण दगड खराब होतो. त्याऐवजी छोटा आरसा घेऊन बाजूने उजेड पाडा. मी काकूंच्या वडिलांचा दगड असाच वाचला. "वडिलांचं नाव" या ओळीपाशी कवडसा थांबला आणि मला त्यांच्या आजोबांचं नाव मिळालं, जे त्यांच्या घरात कुणालाच नीट आठवत नव्हतं.

फोटो राखणदाराला विचारून काढा. ताज्या कबरीचा, रडणाऱ्या माणसांचा काढू नका. अलीकडे गेलेल्यांची नावं इंटरनेटवर टाकू नका, ती घरच्यांनाच पाठवा.

खडा

फुलांऐवजी खडा ठेवतात. आसपासच्या मातीतला, मुठीत सहज मावेल असा एक खडा उचलायचा, दुसऱ्या कबरीवरचा नाही, आणि दगडाच्या वरच्या कडेवर ठेवायचा. याची कारणं वेगवेगळी सांगतात. पूर्वी कबर म्हणजे दगडांचा ढीगच असायचा आणि येणारा प्रत्येक जण त्यात एक दगड घालून तो शाबूत ठेवायचा. कुणी म्हणतं, फूल सुकतं, दगड राहतो. मला पटलेलं कारण राखणदाराने सांगितलं: "कुणीतरी येऊन गेलं, हे पुढच्याला कळतं." ज्या कबरीवर एकही खडा नाही तिथे परक्यानेही ठेवायला हरकत नाही. खडा ठेवताना नाव हळू आवाजात वाचावं, एवढंच.

ज्यू माणूस तिथे स्तोत्रं म्हणतो, 'हश्काबा' नावाची शांतीची प्रार्थना करतो. काद्दीश म्हणायला मात्र 10 पुरुष लागतात. ही प्रार्थना हिब्रूत नाही, अरामी भाषेत आहे आणि तिच्यात मृत्यूचा एकही शब्द नाही, केवळ देवाच्या नावाचा महिमा. मुलगा आई-वडिलांसाठी ती 11 महिने म्हणतो. 12 का नाहीत? तर वाईटातल्या वाईट माणसाच्या जिवालाही 12 महिन्यांहून जास्त शिक्षा नसते अशी श्रद्धा आहे, आणि पूर्ण 12 महिने काद्दीश म्हटली तर आपणच आपल्या बापाला तसा ठरवला असं होईल. तुमच्यासमोर कुणी काद्दीश म्हणत असेल तर उभं राहा आणि बाकीच्यांबरोबर 'आमेन' म्हणा.

दफनाच्या वेळी बोलावलं तर

दफन शक्य तेवढ्या लवकर करतात, त्यामुळे निरोप आला की निघायचं. मृताला समाजातलीच माणसं आंघोळ घालतात आणि पांढरं साधं कफन नेसवतात. गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच, आणि त्याला खिसा नसतो. जवळचे सात, म्हणजे आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि नवरा किंवा बायको, अंगातलं वस्त्र फाडतात, आई-बापांसाठी डावीकडे, काळजाच्या बाजूला. माती ढकलायला फावडं वापरतात, पण बऱ्याच ठिकाणी ते एकमेकांच्या हातात देत नाहीत. मातीत टोचून ठेवायचं, पुढचा तिथून उचलतो. तुम्हाला खूण केली तर तीन वेळा माती टाका आणि फावडं तसंच ठेवा.

बाहेर पडताना

फाटकाबाहेर आलात की हात धुवा. भांड्याने आळीपाळीने उजव्या, डाव्या हातावर तीन-तीनदा पाणी ओततात. बरेच जण हात पुसत नाहीत, वाऱ्यावर वाळू देतात. काही जण निघताना चिमूटभर गवत उपटून पाठीमागे टाकतात, 'धरतीच्या गवतासारखे ते पुन्हा उगवोत' या स्तोत्रातल्या ओळीची आठवण म्हणून. राखणदाराला किंवा सिनेगॉगच्या पेटीत देणगी द्या. गवत कापायचा खर्च तिथूनच निघतो.

दुखवट्याच्या घरी

गेल्या वर्षी काकूंचे धाकटे भाऊ ठाण्याला वारले. काकू येऊ शकल्या नाहीत, मी गेलो. दफनापासूनचे 7 दिवस घरातली माणसं 'शिवाह' बसतात. जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसायचं, दाढी-केस कापायचे नाहीत, चामड्याचं पायताण नाही, अनेक घरांत आरसे झाकलेले. त्यांच्या तल्मूद या धर्मग्रंथात म्हटलं आहे: 3 दिवस रडण्याचे, 7 शोकाचे, 30 केस न कापण्याचे. म्हणून ओळखीपाळखीच्या माणसाने पहिले तीन दिवस घरच्यांना त्यांचे त्यांना द्यावेत, चौथ्या दिवसापासून जावं. 30 दिवसांना श्लोशीम म्हणतात, आई-वडिलांसाठी शोक वर्षभर चालतो. मधे शब्बाथ आला तर तो 7 दिवसांत मोजतात, पण त्या दिवशी उघड शोक करत नाहीत, भेटायलाही जाऊ नये.

दार बहुधा उघडंच असतं, बेल वाजवू नका. नमस्कार, शालोम काही नाही. गप्प बसायचं आणि घरचा माणूस आधी बोलेपर्यंत वाट बघायची. हे अवघड जातं. मी वीसेक मिनिटं चटईवर बसून होतो, मग भावाच्या मुलाने स्वतःहून विचारलं, "आत्याने पाठवलं का तुला?" आणि नंतर तासभर तो बापाबद्दल बोलत राहिला.

आपल्याकडे जसा शेजाऱ्यांनी आणलेला कडू घास, तसं दफनाहून आल्यावरचं पहिलं जेवण इथेही बाहेरून येतं. उकडलेली अंडी, मसूर असं काहीतरी गोल असलेलं, जगण्याचं चाक फिरतं म्हणून. तुम्हाला काही न्यायचं असेल तर फळं न्या. त्यांच्या आहाराचे नियम कडक असतात, मटण आणि दूध एकत्र चालत नाही. फुलं नकोत.

उठताना "येतो" म्हणू नये, हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं आणि इथेही तसंच. सांत्वनाचं वाक्य 'मिन हाशामायिम तेनुहामू' असं आहे, वरून तुम्हाला धीर मिळो. हिब्रू जमलं नाही तर मराठीत "देव तुम्हाला धीर देवो" म्हणा. घरचा माणूस दारापर्यंत पोचवायला उठणार नाही, त्याने उठायचंच नसतं. आपण चपला हातात घेऊन जिन्यात घालायच्या आणि दार होतं तसंच उघडं ठेवायचं.